सहा रेघांची वही

शिलाँगच्या पोस्टिंगमध्ये असताना एका सकाळी ऑफिसात एक बाई भेटायला आल्या. तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. वडील आमच्या युनिटमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, दोन वर्षांपूर्वी वारले. चहा येईपर्यंत त्यांनी पिशवीतून एक लांबट रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये लेजर म्हणून वापरतात तसलं, लाल कापडी पाठीचं. उघडायच्या आधीच मी ते ओळखलं. २००१ साली मणिपूरमधल्या एका कंपनी पोस्टवर हे रजिस्टर मी रोज संध्याकाळी पाहत होतो.

तेव्हा सुभेदार साब हवालदार होते आणि मी नवा लेफ्टनंट. साब खासी, पक्के चर्चवाले. पोस्टवर सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. साब एकेक गाणं वीस-वीस वेळा मागे घेऊन ऐकायचे, मग पट्टीने सहा रेघा मारायचे आणि त्यांवर आकडे भरायचे. असं बहात्तर गाण्यांचं ते रजिस्टर. मला गिटारवर जे काही थोडंफार येतं त्यातलं निम्मं त्यातून आलेलं आहे.

बाईंची विनंती साधी होती. युनिटचं रियुनियन जवळ आलं होतं आणि स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. सोबत या रजिस्टरची एक पुस्तिका छापावी, तीनशे प्रती, फुकट वाटायच्या. शिवाय सगळी पानं स्कॅन करून नेटवर ठेवावीत, म्हणजे कुठल्याही गावातल्या पोराला शिकता येईल. मी लगेच हो म्हणालो. त्या गेल्यावर पानं उलटत बसलो. बॉब डिलन, बीटल्स, स्कॉर्पियन्स, मधेच चर्चची भजनं. आणि एकदम १९९८ आठवलं.

गिटार न वाजवणाऱ्या मित्रांसाठी आधी हे टॅब प्रकरण सांगतो. टॅब म्हणजे टॅब्लेचर. गिटारच्या सहा तारा, म्हणून सहा आडव्या रेघा. रेघेवर ३ लिहिलं की ती तार तिसऱ्या पडद्यावर दाबायची, ० लिहिलं की मोकळी छेडायची. सूर कोणता ते ठाऊक नसलं तरी चालतं, बोट कुठे ठेवायचं एवढं कळतं. ताल मात्र त्यात जवळजवळ नसतोच. आमच्या बँडमास्टर साबांना, जे पचमढीला रीतसर स्टाफ नोटेशन शिकून आलेले, मी एकदा ते रजिस्टर दाखवलं होतं. दोन मिनिटं पाहून म्हणाले, "सर, यात वेळ कुठे आहे?" बरोबर होतं त्यांचं. गाणं आधी कानात नसेल तर टॅबचा काडीचा उपयोग नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

१९९८ साली मी खडकवासल्याला पाचव्या टर्मला होतो. म्युझिक क्लबमध्ये दोन गिटार आणि वाजवणारे पंधरा. लिबर्टी मिळाली की पुण्यात सायबर कॅफे गाठायचा आणि ओल्गा उघडायची. ओल्गा म्हणजे ऑनलाइन गिटार आर्काइव्ह. १९९२ मध्ये जेम्स बेंडर नावाच्या माणसाने लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाच्या संगणकावर हा संग्रह सुरू केला. युजनेटवरच्या गिटारवाल्यांच्या गटांत लोक आपण कानाने उतरवलेले टॅब टाकत. ते दोन-चार दिवसांत वाहून जात, म्हणून कोणीतरी ते गोळा करून एका जागी लावून ठेवले, इतकंच. चित्र नाही, रंग नाही. टायपरायटरवर काढावं तसं, डॅशच्या सहा रेघा आणि मधे आकडे. वर एखादी ओळ: हे मी असं ऐकलं, चूक असेल तर कळवा. कॅफेतला तासाचा दर कॅडेटच्या खिशाला झेपणारा नव्हता, त्यामुळे वाचत बसायचं नाही, थेट प्रिंट मारायची. त्या प्रिंट आमच्या स्क्वाड्रनमध्ये हातोहात फिरायच्या.

मग एका रविवारी पान उघडलं तर संग्रह गायब.

खरं तर ती पहिली वेळ नव्हती. १९९६ मध्येच ईएमआय कंपनीच्या संगीत प्रकाशन विभागाचं पत्र त्या विद्यापीठाला गेलं होतं आणि विद्यापीठाने ती जागा बंद केली होती. तोवर संग्रहाच्या नकला दुसऱ्या विद्यापीठांच्या संगणकांवर पोहोचल्या होत्या, म्हणून तो टिकला. १९९८ चं पत्र हॅरी फॉक्स एजन्सीचं होतं. ही एजन्सी म्हणजे अमेरिकेतल्या संगीत प्रकाशकांच्या वतीने परवाने देणारी आणि पैसे गोळा करणारी संस्था, १९२७ पासूनची. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही एकमताने ठरवलं की हे कंपनीवाले हलकट आहेत. विसाव्या वर्षी मतं अशीच पटकन तयार होतात.

आता पंचवीस वर्षांनी रजिस्टर समोर ठेवून मी ही गोष्ट मुळापासून वाचायला घेतली, तर ती थेट व्हेनिसला जाऊन पोहोचली.

ओत्ताविआनो पेत्रुच्ची हा फोसोम्ब्रोने गावचा छापखानेवाला. १४९८ मध्ये त्याने व्हेनिसच्या सत्तेकडे अर्ज करून वीस वर्षांचा मक्ता मिळवला. कशाचा? अनेक आवाजांतलं संगीत छापण्याचा, आणि त्याच अर्जात ऑर्गन आणि ल्यूट या वाद्यांच्या टॅब्लेचरचाही. म्हणजे संगीत छापण्याच्या हक्काच्या अगदी सुरुवातीच्या कागदपत्रांत टॅब आहे. १५०७ मध्ये पेत्रुच्चीने फ्रान्चेस्को स्पिनाचिनोची ल्यूटची दोन पुस्तकं छापली. सहा रेघा, वर आकडे. त्यात सर्वांत वरची रेघ म्हणजे सर्वांत खर्जाची तार, आजच्या टॅबच्या बरोबर उलट. एवढा फरक सोडला तर सुभेदार साबांना ते पान वाचायला फार वेळ लागला नसता. पुस्तकाच्या आरंभी, ज्यांना सुरांची लिपी वाचता येत नाही त्यांच्यासाठी नियम दिलेले आहेत. पाचशे वर्षांपूर्वीही टॅब कोणासाठी होता ते यावरून कळतं.

त्या पुस्तकांत स्पिनाचिनोच्या स्वतःच्या रचना आहेत, तशा दुसऱ्यांच्याही. जोस्कँ द प्रे यांच्यासारख्या नामवंतांची गाणी त्याने ल्यूटवर उतरवली आहेत. आणि मक्ता कोणाकडे? गाणं रचणाऱ्याकडे नाही, ते तारांवर उतरवणाऱ्याकडेही नाही. तो ज्याच्याकडे छापायचं यंत्र होतं त्याच्याकडे. पुढच्या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली.

रचनाकाराची बाजू कोर्टात उभी राहायला पावणेतीनशे वर्षं लागली. योहान क्रिश्चन बाख, मोठ्या बाखचा धाकटा मुलगा, लंडनमध्ये राहत असे. त्याचं संगीत लाँगमन नावाच्या प्रकाशकाने न विचारता छापलं. १७७७ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला की १७१० च्या कायद्यातलं 'लेखन' या शब्दात लिहिलेलं संगीतही येतं. मला हा निकाल मनापासून पटतो. जो माणूस सूर शोधतो त्याच्या पोटाची सोय त्या सुरातून व्हायला हवी. सगळं काही सगळ्यांना फुकट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आपली पेन्शन सोडायला कोण तयार आहे?

पण लेखन म्हणजे काय हा प्रश्न सुटला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो आले. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते आणि पट्ट्या खाली-वर होतात. १९०८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने व्हाइट-स्मिथ विरुद्ध अपोलो या खटल्यात सांगितलं की ती गुंडाळी म्हणजे नक्कल नव्हे, कारण माणसाला ती डोळ्यांनी वाचता येत नाही. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलला: गुंडाळी करा, पण प्रत्येकीमागे रचनाकाराच्या बाजूला दोन सेंट द्या, आणि एकाला परवानगी दिली की मग दर भरणाऱ्या दुसऱ्याला नाही म्हणता येणार नाही. माझ्या मते कॉपीराइटच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा तोडगा आहे. गाणंही मोकळं आणि पैसेही मिळतात. फक्त तो यंत्राने वाजणाऱ्या ध्वनीपुरता. कागदावर माणसाने वाचायच्या चिन्हांना तो लागू नाही. टॅब कागदात मोडतो, त्यामुळे तिथे प्रकाशक नाही म्हणाला की विषय संपला.

कागदावरच्या बंदीतून काय होतं त्याचं उत्तम उदाहरण बोस्टनचं. १९७० च्या दशकात बर्कली कॉलेजच्या परिसरात काही विद्यार्थ्यांनी जॅझच्या शेकडो धुना हाताने लिहून एक जाडजूड पुस्तक तयार केलं. नाव दिलं 'रिअल बुक', कारण असल्या चोरट्या पुस्तकांना आधीपासून 'फेक बुक' म्हणत. कोणालाही पैसे न देता ते काउंटरखालून विकलं जाऊ लागलं आणि तीसेक वर्षं जगभरचे जॅझवाले त्याच्यावर वाढले. २००४ मध्ये हॅल लेनर्ड या प्रकाशन कंपनीने रीतसर हक्क घेऊन ते अधिकृत केलं. गंमत म्हणजे अक्षराचं वळण तसंच हाताने लिहिल्यासारखं ठेवलं आणि आवृत्ती म्हटली सहावी, जणू आधीच्या पाच चोरट्या आवृत्त्यांना मान दिला. रचनाकारांना पैसे मिळू लागले, हे चांगलंच झालं. ज्या पोरांनी ते लिहून काढलं त्यांची नावं मुखपृष्ठावर आली नाहीत.

टॅबचंही तसंच झालं. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या म्युझिक पब्लिशर्स असोसिएशनने टॅब आणि गाण्यांचे शब्द फुकट देणाऱ्यांविरुद्ध मोहीम जाहीर केली. पुढच्या वर्षी वकिलांची पत्रं सुटली. ओल्गा त्यात कायमची बंद पडली. कानाने उतरवलेला टॅब म्हणजे पुस्तकाची नक्कल, की विद्यार्थ्याची न्याय्य टिपण, हा प्रश्न ओल्गाच्या बाबतीत न्यायाधीशापुढे गेलाच नाही. खटला लढायला पैसे लागतात, आणि ओल्गा चालवणारे हौशी होते. पत्रावरच काम झालं. १९९८ मध्येच रशियातल्या कालिनिनग्रादमध्ये सुरू झालेलं अल्टिमेट गिटार मात्र तगलं. २०१० मध्ये त्यांनी हॅरी फॉक्स एजन्सीशी करार केला. जाहिरातींतून आणि वर्गणीतून येणाऱ्या पैशांतला वाटा प्रकाशकांकडे जाऊ लागला.

आता हिशेब मांडून पाहा. रचनाकार किंवा त्याचा प्रकाशक, त्याला मिळालं. संकेतस्थळ चालवणारा, त्याला मिळालं. पण माल कोणाचा? रात्र-रात्र जागून, टेप मागे-पुढे करून ज्यांनी लाखो आकडे भरले त्यांचा. त्यांनी पैसे मागितले नव्हते हे खरं. पण करार होताना त्यांना कोणी विचारलंही नाही. व्हेनिसचा मक्ताच पुन्हा.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या वेषात झाला आहे. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते, हे मला नेहमी मोलाचं वाटतं. ग्वाल्हेर, जयपूर, रामपूर असे दौरे करून त्यांनी उस्तादांच्या बंदिशी मिळवल्या, स्वतःच्या लिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत मराठीतून छापल्या. त्या काळी बंदिश ही घराण्याची इस्टेट होती. जावयाला हुंड्यात बंदिशी दिल्याच्या कथा सांगतात. भातखंड्यांमुळे सामान्य घरातला मुलगा, आणि विशेष म्हणजे मुलगी, गाणं शिकू शकली. पण ज्याच्या गळ्यातून ती आली त्या खाँसाहेबांना कायद्याने काहीच नव्हतं. १९५७ च्या आपल्या कायद्यातही संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांकित केलेली रचना. गळ्यातली रचना कृतीच नव्हे! ही व्याख्या बदलली १९९४ मध्ये. तेव्हापासून संगीत ही कृती आणि तिची लिपी हा त्या कृतीचा भाग. त्याच दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही प्रथमच हक्क दिले. कानाने ऐकून लिहिणारा अजूनही कुठेच नाही.

सुभेदार साबांचा कान कुठे तयार झाला तेही सांगितलं पाहिजे. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीला, म्हणजे सोहराला आला. त्याच्यामागून आलेल्यांनी वेल्श भजनांबरोबर टॉनिक सोल-फा आणली. ही इंग्लंडमधल्या सारा ग्लोव्हर या बाईंच्या पद्धतीवरून जॉन कर्वेनने रूढ केलेली लिपी, आपल्या सारेगमसारखी अक्षरांची. खासी आणि मिझो चर्चमध्ये आजही भजनांची पुस्तकं तिच्यात छापतात. खेड्यातली म्हातारी बाईसुद्धा आपला आवाज त्यातून वाचून गाते. साब लहानपणी तेच शिकले. म्हणून ऐकलेलं कागदावर उतरवणं त्यांना अभ्यंकरांच्या पोराला शुभंकरोती यावं तितकं सहज. इथे तरुणांना गिटारचं वेड किती ते वेगळं सांगायला नको. लू माजाव हे इथले ज्येष्ठ गायक १९७२ पासून दर २४ मेला डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात. रजिस्टरात डिलनची अकरा गाणी आहेत. आणि डिलनने आपल्या सगळ्या गाण्यांचे हक्क डिसेंबर २०२० मध्ये युनिव्हर्सल म्युझिकच्या प्रकाशन शाखेला विकले आहेत.

जॅग शाखेतल्या एका मित्राला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. स्वतः वाजवायला, शिकायला लिहून घेतलंस तर कायद्यात न्याय्य वापराची सूट आहे. शिक्षक-विद्यार्थी शिकवण्याच्या ओघात उतरवून घेत असतील तर तीही आहे. तीनशे प्रती छापून वाटणं यात बसत नाही, फुकट असलं तरी. आणि नेटवर ठेवणं तर मुळीच नाही. मग म्हणाला, "स्मरणिकेवर सही कोणाची असणार आहे?" मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, "मग मला का विचारतोस?"

मला स्वतःला हे पचवायला आठवडा लागला. आपल्या पेशात आपण जे लिहितो त्याच्यावर आपलं नाव फारसं राहत नाही. पोस्टचे हँडिंग-ओव्हर नोट्स घ्या. कुठल्या नाल्यात पावसाळ्यात पाणी चढतं, कुठला गावबुढा विश्वासाचा, हे एका तुकडीने लिहायचं, दुसरीने दुरुस्त करायचं. दहा वर्षांनी कोणाचं वाक्य कोणाचं हे कळत नाही, आणि कोणी विचारतही नाही. साबांचं रजिस्टर मला तसंच वाटत आलं होतं. फरक इतकाच की नाला कोणी रचलेला नसतो.

बाईंना घरी जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, वडिलांनी आयुष्यात कोणाकडून एक रुपया घेतला नाही." मी म्हटलं, कायदा तो प्रश्नच विचारत नाही. हे उत्तर मला स्वतःलाही आवडलं नव्हतं, आणि ते त्यांना दिसलं असावं.

दोघांनी मिळून बहात्तर गाणी चाळली. भजनांच्या चालींचे रचनाकार शोधले. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. एकोणीस चाली जुन्या, सगळ्यांच्या झालेल्या निघाल्या. एक विसाव्या शतकातली निघाली, ती सोडली. शेवटच्या पानांवर चार धुना होत्या, वर नाव नाही, फक्त जागा आणि तारीख. एक आमच्या त्या पोस्टवरची. त्या साबांच्या स्वतःच्या. बाईंना ठाऊकच नव्हतं. तेवीस रचनांची पुस्तिका निघाली, मुखपृष्ठावर सुभेदार साबांचं नाव, हक्क मुलीच्या नावाने, आणि वाटायला तिची लेखी परवानगी. नेटवरही तेवढीच ठेवली.

उरलेली एकोणपन्नास गाणी रजिस्टरातच आहेत. दर रविवारी चर्चनंतर युनिटमधली दोन-तीन पोरं बाईंच्या घरी जातात, त्यांच्या समोर बसून गाणं शिकतात आणि स्वतःच्या वहीत उतरवून घेतात. बदली व्हायच्या आधी मी एकदा गेलो होतो. एक लान्स नाईक पट्टीने रेघा मारत बसला होता. गाणं स्कॉर्पियन्सचं, सोव्हिएत संघ मोडला त्या वर्षी जगभर गाजलेलं, शिट्टीने सुरू होणारं.

"सर, यात सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवायला लिहिलंय. मी मूळ गाणं ऐकलं, ते तसं नाही."

मी त्याला टेपरेकॉर्डरची गोष्ट सांगितली. रसद दहा दिवसांनी यायची, सेल संपत आलेले असायचे, टेप हळू फिरायची आणि गाणं खाली उतरायचं. साबांनी जे ऐकलं तेच लिहिलं.

"मग मी नीट करून लिहू?"

म्हटलं, नको, आहे तसंच लिही. बाजूला हवं तर टीप टाक.